युरोपातलं एकत्र रेल्वे संशोधन आणि पोलंडची रेल्वे संशोधन संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं मी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो आणि रेल्वेच्या मोजमापाच्या कामात आहे. गावाकडचे मित्र, कॉलेजचे ज्युनिअर्स, परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले माझे काका, सगळे मिळून जे प्रश्न विचारतात ते जवळपास तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट बसून लिहून काढतोय. मी त्या संस्थेचा माणूस नाही हे आधीच सांगतो, पण हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

ही संस्था नेमकी कुठली?

पोलिश भाषेत तिचं नाव इन्स्टितुत कोलेयनित्स्त्फा, म्हणजे सरळ मराठीत रेल्वे संस्था. वॉर्सामध्ये आहे, व्हिस्तुला नदीच्या पलीकडे पूर्वेच्या भागात. सुरुवात 1951 ची, दुसरं महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झालेली आणि वॉर्सा शहर अजून विटा रचत होतं, रूळ, पूल, स्टेशनं सगळं उद्ध्वस्त झालेलं. मधल्या काळात नावं बदलत गेली, बरीच वर्षं ती सीएनटीके या नावाने ओळखली जायची आणि जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात. आत्ताचं नाव 2010 पासून.

काम काय तर रेल्वेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट. रूळ, स्लीपर, चाकं, ब्रेक, ओव्हरहेड वायर, सिग्नल, रेडिओ, सगळ्याची तपासणी आणि संशोधन. स्वतःचं नियतकालिकही काढतात.

म्हणजे आपल्या आरडीएसओसारखीच ना?

बरीचशी, हो. लखनौची आरडीएसओ, म्हणजे भारतीय रेल्वेची संशोधन आणि स्टँडर्ड ठरवणारी संस्था, 1957 ची, म्हणजे वयातही फारसा फरक नाही. पण एक मोठा फरक आहे. आरडीएसओ रेल्वे मंत्रालयाच्या आतच आहे, ती स्टँडर्ड ठरवते आणि भारतीय रेल्वे ते वापरते, घर एकच. वॉर्साची संस्था पूर्वी अशीच पोलिश रेल्वेच्या पोटात होती पण आता ती वेगळी सरकारी संशोधन संस्था आहे, म्हणजे उद्या एखादी खाजगी मालगाडी कंपनी किंवा डबे बनवणारा कारखाना पैसे भरून म्हणू शकतो की आमचा डबा तपासून द्या. पोलंडमध्ये रूळ एका कंपनीचे, लांब पल्ल्याच्या गाड्या दुसरीच्या, लोकल गाड्या प्रांतांच्या, मालगाड्या डझनावारी कंपन्यांच्या, असा सगळा प्रकार आहे. अशा ठिकाणी सगळ्यांना मान्य असेल असा एक मोजणारा लागतोच.

एका देशाची संस्था आहे तर मग बाकीच्या युरोपबरोबर संशोधन कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर थोडं लांब आहे.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना इगतपुरी आठवत असेल. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत 1500 व्होल्ट डीसी आणि पुढे 25 हजार व्होल्ट एसी, त्यामुळे इगतपुरीला इंजिन बदलायचं, गाडी थांबायची, वडे यायचे, मग पुढे. नंतर दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आली आणि शेवटी मुंबईचं डीसीच गेलं. आता विचार करा की अख्ख्या युरोपात पावलोपावली इगतपुरी आहे. पोलंडमध्ये 3 हजार व्होल्ट डीसी, ओडर नदी ओलांडून जर्मनीत गेलात की 15 हजार व्होल्ट एसी, तेही आपल्यासारखं 50 हर्ट्झ नाही तर 16.7 हर्ट्झ, नेदरलँड्समध्ये 1500 डीसी, चेक देशात उत्तरेला एक आणि दक्षिणेला दुसरं. ही झाली फक्त वीज. सिग्नल बघून गाडी आपोआप थांबवायची जी यंत्रणा असते ती प्रत्येक देशाची वेगळी, अशा 20 हून जास्त यंत्रणा युरोपात होत्या आणि अजूनही बऱ्याच चालू आहेत. म्हणून सगळ्यांची मिळून एक ईटीसीएस नावाची यंत्रणा ठरवली. भारतातलं कवच ज्या कामासाठी आहे साधारण त्याच कामासाठी ही पण आहे, फरक इतकाच की कवच एका देशाने एका देशासाठी बनवलं आणि ईटीसीएस पंचवीस तीस देशांनी भांडून, बैठका घेऊन, कागदावर कागद काढून.

आता एक देश एकटा बदलायला गेला तर काय होतं? काहीच होत नाही, कारण डबा त्या एका देशात राहत नाही. ग्दिन्या बंदरातून निघालेला वॅगन उद्या ऑस्ट्रियात असतो. म्हणून प्रयोग करायचा तो सगळ्यांनी मिळून, आणि प्रत्येक देशात कोणीतरी असा लागतो ज्याला आपले रूळ, आपली थंडी, आपली जुनी यंत्रणा हाताच्या रेषेसारखी माहीत आहे. राष्ट्रीय संस्थेचं काम तिथे सुरू होतं. ब्रसेल्समध्ये बसून कोणाला कळणार नाही की पोलिश डीसी लाइनवर नवीन इंजिन आलं की जुन्या ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळातून वीज सोडून गाडी कुठे आहे ते ओळखणाऱ्या यंत्रणेत, कुठला गोंधळ होतो, ते वॉर्साच्याच माणसाला कळणार.

कपलिंगचं काय ते सांगा, कोणीतरी म्हणालं युरोपात अजून हाताने डबे जोडतात?

खरं आहे, आणि पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. आपल्या मालगाड्यांना कधीची सीबीसी, म्हणजे आपोआप जुळणारी कपलिंग आहे, डबे एकमेकांवर आले की खटका बसतो. इथे मालगाडीचा शंटिंगवाला माणूस अजून दोन बफरच्या मधे वाकून आत जातो, जड लोखंडी कडी उचलून समोरच्या हुकात टाकतो, मग स्क्रू फिरवून आवळतो, मग ब्रेकचा पाइप जोडतो आणि वाकूनच बाहेर येतो. बाहेर उणे दहा असलं तरी तेच, आणि रात्रभर असे शेकडो डबे. मी एका यार्डात जानेवारीच्या पहाटे हे उभं राहून बघितलंय. त्या माणसाच्या हातमोज्याच्या तळव्यावर ग्रीस आणि बर्फ मिळून एक काळा थर जमला होता, आणि तो प्रत्येक डब्यानंतर मोजा रुळावर घासून पुढच्या डब्याकडे जायचा.

मग बदलत का नाहीत? कारण युरोपात साधारण 5 लाख वॅगन आहेत, हजारो मालकांचे, आणि निम्म्यांना नवीन कपलर आणि निम्म्यांना जुना असं चालत नाही, जोडणार कसे? विसाव्या शतकात एकदा मोठा प्रयत्न झाला होता, तो सगळे देश एका वेळी तयार होईनात म्हणून बारगळला. आता परत डिजिटल ऑटोमॅटिक कपलिंग म्हणून काम चाललंय, डब्यांबरोबर वीज आणि डेटाची लाइन पण आपोआप जोडली जाते. 2021 मध्ये कुठल्या प्रकारचं कपलर घ्यायचं ते ठरलं, शार्फेनबर्ग पद्धतीचं. हे एकच उदाहरण मी कायम देतो कारण यात सगळं दिसतं, तंत्र माहीत आहे, फायदा माहीत आहे, आणि तरी एकट्याने पाऊल टाकता येत नाही.

पैसा कोण देतं?

युरोपियन युनियनची सात सात वर्षांची संशोधन योजना असते. आत्ताची होरायझन युरोप, 2021 ते 2027, सुरुवातीला एकूण 95.5 अब्ज युरोची ठरलेली, अर्थात त्यात कॅन्सरपासून अंतराळापर्यंत सगळं आलं. रेल्वेसाठी वेगळी भागीदारी आहे. आधी 2014 मध्ये शिफ्ट टू रेल नावाने सुरू झाली, तिचं बजेट 92 कोटी युरो, त्यातले 45 कोटी युनियनचे आणि बाकीचे उद्योगांचे. मग 2021 च्या शेवटी तिच्या जागी युरोप्स रेल आली, साधारण 120 कोटी युरोची, अर्धे युनियनचे अर्धे सदस्यांचे. सदस्य म्हणजे मोठे कारखाने आणि राष्ट्रीय रेल्वे कंपन्या, पोलंडकडून तिथली सरकारी रेल्वे कंपनी पीकेपी त्यात आहे.

संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मात्र तपासणीच्या कामातूनच येतो आणि मला ते चांगलं वाटतं, कारण ज्याला रोज खऱ्या डब्याखाली वाकायचं असतं त्याचं संशोधन हवेत जात नाही.

एखादा प्रोजेक्ट नेमका चालतो कसा?

आधी ब्रसेल्सहून कॉल निघतो, म्हणजे या या विषयावर प्रस्ताव पाठवा. मग फोनाफोनी सुरू होते. किमान तीन वेगवेगळ्या देशांच्या तीन स्वतंत्र संस्था लागतात, प्रत्यक्षात दहा पंधरा असतात, कधी तीसही. एकजण कोऑर्डिनेटर होतो आणि त्याची झोप तीन वर्षं उडते. कामाचे तुकडे पाडतात, त्यांना वर्क पॅकेज म्हणतात, प्रत्येक तुकड्याचा एक मुखिया, प्रत्येकाने किती माणूस-महिने द्यायचे ते आधीच लिहून द्यायचं. म्हणजे समजा एका संस्थेचे 18 माणूस-महिने, तर एक माणूस दीड वर्ष किंवा तीन माणसं सहा महिने, असं. मूल्यमापन करणारे तिघंचौघं बाहेरचे तज्ज्ञ असतात आणि बहुतेक प्रस्ताव नापास होतात, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

राष्ट्रीय संस्थेच्या वाट्याला बहुतेक वेळा तीनपैकी एक काम येतं: आपल्या देशात सध्या काय आहे ते नीट लिहून देणं, प्रत्यक्ष चाचणी करणं, किंवा जे निघालं ते स्टँडर्डमध्ये घालायला मदत करणं. तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं दिसतं पण माझ्या मते तेच सगळ्यात मोलाचं. प्रोजेक्ट संपला, सुंदर रिपोर्ट झाला, वेबसाइट तीन वर्षांनी बंद पडली, असं कितीतरी वेळा झालंय. पण तोच आकडा टीएसआयमध्ये गेला तर पुढची पंचवीस वर्षं प्रत्येक कारखान्याला तो पाळावाच लागतो.

टीएसआय म्हणजे?

सगळ्या युरोपात रेल्वे एकमेकांत चालावी यासाठीचे तांत्रिक नियम. ते तयार करणारी एजन्सी फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन शहरात आहे, 2004 ला स्थापन झाली, पोलंडही त्याच वर्षी 1 मे ला युनियनमध्ये आला. नवीन इंजिन एकापेक्षा जास्त देशांत चालवायचं असेल तर 2019 पासून परवानगी त्या एजन्सीकडूनच मिळते. पण एजन्सी स्वतः इंजिनाखाली जात नाही. नियम पाळलेत का हे बघतो तो नोटिफाइड बॉडी, आणि वॉर्साची संस्था अशी एक नोटिफाइड बॉडी आहे.

झ्मिग्रुदला काय आहे? नाव सारखं ऐकतो.

ही माझी आवडती जागा. व्रोत्सवाफहून पोझनानला जाणाऱ्या लाइनवर झ्मिग्रुद नावाचं छोटं गाव आहे, बारिच नदीचं खोरं, आजूबाजूला तळीच तळी, तिथले कार्प मासे नाताळला पोलंडभर जातात. आणि त्या शांत जागी संस्थेचा टेस्ट ट्रॅक आहे, 7.7 किलोमीटरचा बंद वळसा, 1996 पासून. गाडी निघते आणि फिरून तिथेच येते. वाट द्यायला समोरून दुसरी गाडी नाही, टाइमटेबल नाही, म्हणून हवं ते करता येतं: पूर्ण भरलेली मालगाडी एकदम ब्रेक लावून थांबवायची, मग रूळ ओला करून परत, मग एका डब्याचा ब्रेक मुद्दाम बंद ठेवून परत.

एक गोष्ट जवळून सांगतो. डबा रुळावरून घसरेल का हे मोजायचं असेल तर मोजणारं चाक लावतात. दिसायला साधं चाक, पण त्याच्या आतल्या बाजूला नखाएवढे स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवलेले असतात, आणि चिकटवणं हे खरंच कसबाचं काम आहे, आधी ती जागा घासून आरशासारखी करायची, स्पिरिटने पुसायची, मग गोंदाचा एक थेंब, मग अंगठ्याने दाबून धरायचं आणि श्वास रोखायचा. गाडी वळणावर गेली की चाक बाजूला किती ढकलतंय त्याला वाय म्हणतात आणि खाली किती दाबतंय त्याला क्यू. वाय भागिले क्यू हा आकडा 0.8 च्या वर गेला की धोका, म्हणजे चाकाची कडा रुळावर चढायला बघतेय. स्क्रीनवर ती रेघ 0.6, 0.7 करत वर सरकते तेव्हा खोलीत कोणी बोलत नाही. हा 0.8 पोलंडचा नाही, फ्रान्सचा नाही, सगळ्यांचा आहे, आणि तो सगळ्यांचा व्हायला अनेक देशांच्या संस्थांनी वर्षानुवर्षं असेच गेज चिकटवलेत.

इटलीत बनलेली पोलंडची वेगवान गाडी पेंडोलिनो आली तेव्हा 2013 मध्ये तिच्याही चाचण्या इथे झाल्या आणि मग वॉर्सा ते दक्षिणेच्या सीएमके लाइनवर. नोव्हेंबर 2013 मध्ये तिने ताशी 293 किलोमीटर गाठले, पोलंडचा विक्रम. प्रवाशांना घेऊन ती डिसेंबर 2014 पासून 200 ने धावते. लोक विचारतात मग 293 कशाला? कारण जितक्या वेगासाठी गाडी बनवली त्याच्यापेक्षा 10 टक्के जास्त वेगाने ती तपासायची असते, आणि ही 250 साठी बनवलेली, म्हणजे निदान 275 तर लागतातच, 293 हा त्याच्याही पुढचा.

असे ट्रॅक बाकी कुठे आहेत? आपल्याकडे?

चेक देशात वेलिमला मोठा वळसा 13 किलोमीटरपेक्षा थोडा जास्त, 1963 चा, तो सगळ्यात प्रसिद्ध. रुमानियात फाउरेईला, जर्मनीत विल्डेनराथला. भारतात राजस्थानात सांभर तलावाच्या बाजूला वेगळा टेस्ट ट्रॅक बांधायला घेतलाय, आणि मला त्याचा खूप आनंद आहे कारण चालू लाइनवर ब्लॉक मागून चाचण्या करणं म्हणजे काय हाल असतात ते आपल्या लोकांना चांगलं माहीत आहे.

आता सगळं कॉम्प्युटरवर सिम्युलेट होतं, मग ट्रॅक आणि चाकं कशाला?

सिम्युलेशन होतं, मी स्वतः करतो. पण मॉडेल खरं बोलतंय की नाही हे कशावरून ठरवणार? ऑक्टोबर 2010 मध्ये डायनोट्रेन नावाच्या युरोपियन प्रोजेक्टमध्ये एक विचित्र गाडी बनवली, एक इंजिन, प्रवासी डबे, मालवाहू वॅगन, सगळ्यांना मोजणारी चाकं, आणि ती जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीमधून फिरवली. एकाच वेळी रुळाचा आकारही मोजला आणि चाकावरचा जोरही. मग वेगवेगळ्या टीमला सांगितलं की आता तुमच्या सॉफ्टवेअरमधून हेच काढून दाखवा. त्यातून ठरलं की मॉडेलवर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, आणि ते पुढे चाचणीच्या युरोपियन स्टँडर्डमध्ये गेलं. आता काही चाचण्या कॉम्प्युटरवर चालतात, पण त्या परवानगीच्या मागे ती फिरलेली गाडी आहे.

सामान्य माणसाला फरक पडला असं एखादं उदाहरण?

मालगाडीचा आवाज. जुन्या वॅगनला बिडाचे ब्रेक ब्लॉक, ते चाकाचा पृष्ठभाग खडबडीत करतात आणि खडबडीत चाक रुळावर घरघरतं. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात रात्रभर मालगाड्या जातात, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. कंपोझिट ब्लॉक लावले तर चाक गुळगुळीत राहतं आणि आवाज साधारण 10 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला निम्मा वाटतो. प्रश्न असा होता की जुन्या वॅगनचा ब्रेक न बदलता नुसता ब्लॉक बदलला तर चाक जास्त झिजेल का, बर्फात ब्रेक लागेल का. म्हणून यूआयसी या आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेने युरोप ट्रेन नावाची एक मालगाडी काढली, ती 2010 पासून जवळजवळ दोन वर्षं साधारण 2 लाख किलोमीटर फिरली, वेगवेगळी हवामानं, वेगवेगळे घाट, आणि ठराविक अंतराने थांबवून प्रत्येक चाकाचा आकार मोजला. 2013 मध्ये ते ब्लॉक मंजूर झाले. डिसेंबर 2020 पासून जर्मनीत जुन्या गोंगाट्या वॅगनना बंदी आहे, आणि जर्मनीत जायचं म्हटल्यावर पोलिश वॅगनवाल्यांनाही ब्लॉक बदलावेच लागले.

ब्रेक ब्लॉक तपासायचा मोठा बेंच वॉर्साच्या संस्थेत पण आहे. एक चाक, त्याला फिरवणारी जड चकती, ब्लॉक दाबला की ठिणग्या आणि जळका वास, आणि पुढे कित्येक तास तेच तेच. बघायला दहा मिनिटं मजा येते आणि अकराव्या मिनिटाला कळतं की हे काम करायला किती चिकाटी लागते.

अपघातानंतर असं संशोधन होतं का?

दुर्दैवाने तेव्हाच जास्त होतं. 29 जून 2009 च्या रात्री इटलीत व्हियारेज्जो स्टेशनात एलपीजीची मालगाडी घसरली, टाकी फुटली, आग बाजूच्या घरांत गेली, 30 हून जास्त माणसं गेली, बरीचशी झोपेत होती. कारण होतं एका वॅगनचा मोडलेला धुरा. गंजाच्या ठिकाणी तडा सुरू झाला आणि वाढत गेला. त्यानंतर युरोपात धुऱ्यांवर परत सगळं उघडून बसले, यूरअ‍ॅक्सल्स नावाचा प्रोजेक्ट 2010 मध्ये सुरू झाला, धुऱ्याला किती ताण येतो, गंज आणि खडीचे टवके त्याला किती कमजोर करतात, रंग कसा द्यायचा, तपासणी किती दिवसांनी करायची. वॅगन एका देशात बनलेला, दुसऱ्या देशात नोंदलेला, तिसऱ्या देशात दुरुस्त झालेला असतो, मग त्या धुऱ्याचा इतिहास एका देशाच्या संस्थेकडे असणार कसा?

पोलंडचं स्वतःचं दुखणं म्हणजे श्चेकोचिनी, 3 मार्च 2012, दोन प्रवासी गाड्या एकाच रुळावर समोरासमोर, 16 मृत्यू. इथे ईटीसीएसबद्दल कोणी आळस केला की ती तारीख आठवली जाते.

ऑगस्ट 2023 ला कोणीतरी रेडिओवरून गाड्या थांबवल्या म्हणे?

हो, श्चेचिन शहराच्या भागात 20 च्या आसपास गाड्या. पोलंडच्या जुन्या रेल्वे रेडिओत रेडिओ स्टॉप म्हणून सोय आहे, ठराविक तीन सूर वाजवले की ऐकू येईल त्या अंतरातल्या सगळ्या गाड्या आपोआप ब्रेक लावतात. सोय चांगल्या हेतूने केलेली, जवळपास काही धोका दिसला तर कोणीही ताबडतोब सगळं थांबवू शकावं म्हणून. पण हे सूर गुप्त नाहीत आणि रेडिओ एनालॉग, मग स्वस्त वॉकीटॉकीवाला माणूसही ते करू शकतो. गाड्या थांबल्या, कोणाला इजा झाली नाही. मला यात भीतीपेक्षा जास्त हे दिसतं की सुरक्षेची व्याख्या बदलली, पूर्वी धोका म्हणजे यंत्र बिघडणं, आता मुद्दाम बिघडवणारा माणूसही धरावा लागतो.

डिजिटल जीएसएम-आर रेडिओवर, म्हणजे मोबाइलच्या तंत्रावरच्या रेल्वे रेडिओवर, गेलं की हा रस्ता बंद होतो. तो जीएसएम-आरही एकत्र संशोधनातूनच आला, 1990 च्या दशकात मोराने नावाच्या प्रोजेक्टमध्ये फ्रान्स, जर्मनी आणि इटलीच्या रेल्वेंनी तो लाइनवर तपासला. आता तोही म्हातारा झाला, त्याच्या जागी 5जी वरचा एफआरएमसीएस येतोय, त्यासाठी 2020 ते 2023 मध्ये 5जीरेल हा प्रोजेक्ट झाला. आणि घातपाताविरुद्धच्या यंत्रणांवरचा प्रोटेक्टरेल नावाचा प्रोजेक्ट होता, त्याचं प्रात्यक्षिक 2013 मध्ये आपल्या झ्मिग्रुदच्याच ट्रॅकवर झालं.

रुंद गेजचा प्रश्न पोलंडला आहे ना?

आहे, आणि 2022 नंतर तो फार मोठा झाला. युक्रेन, बेलारूस, बाल्टिक देश 1520 मिलिमीटर गेज, पोलंडपासून पश्चिमेला 1435. फरक 85 मिलिमीटर, माझ्या हाताच्या तळव्याएवढा. मिरज जंक्शनला एकेकाळी तिन्ही गेज होते आणि माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरणं काय असतं ते तिथल्या हमालांना विचारा. युद्ध सुरू झालं, काळ्या समुद्राची बंदरं अडली आणि युक्रेनचं धान्य रेल्वेने पोलंडकडे वळलं तेव्हा सीमेवर हाच 85 मिलिमीटरचा अडसर उभा राहिला.

यावर एक पोलिश उपाय आहे, रिझार्ड सुवाल्स्की यांची एसयूडब्ल्यू 2000 पद्धत. गाडी एका खास तुकड्यावरून हळू जाते आणि चाकं धुऱ्यावर सरकून नवीन रुंदीला बसतात. वॉर्सा ते व्हिल्नियस आणि क्राकूफ ते ल्विव्ह अशा प्रवासी गाड्यांवर ती चालली. मालगाड्यांसाठी मात्र खर्च आणि प्रत्येक वॅगनला लागणारी तपासणी हा मुद्दा राहतोच. बाल्टिक देश आता 870 किलोमीटरची रेल बाल्टिका 1435 गेजने बांधतायत, म्हणजे वॉर्साहून टालिनपर्यंत एकच गेज.

हीच संस्था संशोधन करते आणि हीच सर्टिफिकेट देते, यात गडबड होत नाही?

प्रश्न रास्त आहे. कायद्याने नोटिफाइड बॉडी निष्पक्ष असावी लागते, ज्या वस्तूच्या डिझाइनमध्ये तुमचा हात आहे ती तुम्ही तपासायची नाही, म्हणून विभाग वेगळे ठेवतात आणि बाहेरून ऑडिट होतं. तरी माझं मत विचाराल तर दोन्ही कामं एका छताखाली असण्याचा फायदा जास्त आहे. तपासणी करताना जो विचित्र आकडा दिसतो तोच पुढच्या संशोधनाचा विषय होतो, आणि वेगळ्या इमारतीत वेगळी माणसं बसली की तो आकडा फाइलमध्येच राहतो. मी दुसऱ्या एका ठिकाणी हे अनुभवलंय, आम्ही एका बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, कंपनाचा रिपोर्ट दिला, तो पास झाला म्हणून कोणी परत बघितला नाही, आणि दोन वर्षांनी तीच तक्रार दुसऱ्या देशातून आली.

पूर्व युरोपातल्या संस्थांना या प्रोजेक्टमध्ये दुय्यम काम मिळतं का?

पुष्कळदा, हो. कोऑर्डिनेटर बहुतेक वेळा जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटलीचा, मोठ्या कारखान्यांचं वजन जास्त, आणि वॉर्सा किंवा बुखारेस्टच्या वाट्याला येतं की तुमच्या देशाची माहिती भरून द्या. मला हे खटकतं. कारण मिश्र वाहतूक, जुने सिग्नल आणि नवे एकत्र, कडक हिवाळा, दोन गेज, हे सगळं जिथे एकत्र आहे तिथेच नवीन गोष्टीची खरी परीक्षा होते. पण बदल होतोय. 2016 ला ट्रान्सपोर्ट रिसर्च अरीना ही युरोपची मोठी वाहतूक संशोधन परिषद वॉर्सात भरली होती, आणि ती काही कमी गोष्ट नव्हती.

भाषा कुठली चालते?

प्रोजेक्टमध्ये इंग्रजी. ट्रॅकवर पोलिश, आणि तिथे पोलिश आलीच पाहिजे, कारण ब्रेक लाव आणि ब्रेक सोड हे दोन शब्द चुकले तर चालत नाही.

पोलंडमध्ये आपल्याबद्दल माहिती असते का?

रेल्वेवाल्यांना भारतीय रेल्वेबद्दल खूप कुतूहल असतं. आणि मी महाराष्ट्रातला म्हटलं की वयस्कर माणसं कधीकधी कोल्हापूर म्हणतात, महायुद्धात तिथे वळिवड्याला पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता ते त्यांना माहीत असतं. पहिल्यांदा एका सहकाऱ्याच्या आजीच्या तोंडून कोल्हापूर ऐकलं तेव्हा मला बोलायला सुचेना.

भारतातून कोणाला यात भाग घेता येतो का?

येतो. होरायझन युरोपच्या प्रोजेक्टमध्ये भारतीय संस्था सहभागी होऊ शकते, पण बहुतेक वेळा पैसे आपले आपण आणायचे. विद्यार्थ्यांसाठी मात्र चांगला रस्ता आहे, मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजना, ती वॉर्साचीच लेक. त्यातल्या डॉक्टरल नेटवर्कमध्ये राष्ट्रीयत्वाची अट नाही, पगार मिळतो, मुख्य अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. पुण्यात, मुंबईत, नागपुरात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल केलेल्या मुलामुलींनी हे जरूर बघा. रेल्वेचा अनुभव नसला तरी कंपन मोजणं, सिग्नल प्रोसेसिंग, धातूचा थकवा यातलं काही हातात असेल तर उपयोग होतो. आणि सीव्हीमध्ये स्वतःच्या हाताने काय मोजलं ते लिहा, नुसती सॉफ्टवेअरची नावं नको.

झ्मिग्रुदचा ट्रॅक बघायला जाता येतं का?

टेस्ट चालू असताना असं सहज आत सोडत नाहीत, सुरक्षेचा प्रश्न आहे. रेल्वेतलं सगळं एका जागी बघायचं असेल तर ग्दान्स्कला दर विषम वर्षी सप्टेंबरमध्ये ट्राको नावाचं प्रदर्शन भरतं, तिथे या सगळ्या संस्था आणि कारखाने भेटतात आणि लोक मोकळेपणाने बोलतात. आणि नुसतंच त्या भागातून जायचं असेल तर व्रोत्सवाफहून पोझनानची लोकल पकडा, सकाळची, तळ्यांवर धुकं असतं तेव्हाची.